तिसऱ्या मजल्यावरची लाइन

अदहम साडेतीन वर्षांचा होऊन गेला तरी बोलत नव्हता. ही गोष्ट आमच्या इमारतीत कुणाला कळू नये म्हणून मी किती धडपडत होते. जिन्यात कुणी त्याला नाव विचारलं की त्याने तोंड उघडण्याची वाट न बघता मीच सांगून टाकायचे. वर पुस्ती जोडायचे, झोप आलीय त्याला, दात दुखतोय, अनोळखी माणसांना लाजतो. आता बाकोससारख्या वस्तीत, जिथे भाजीवाल्यालासुद्धा माझ्या आजोळचं गाव ठाऊक आहे, तिथे अनोळखी कोण असणार? पण कुणी तसं तोंडावर म्हणालं नाही, आणि मी समजत राहिले की खपलं.

हातिम, माझा नवरा, रास गारिबच्या तेलविहिरींवर असतो. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. त्यानेच कुणाकुणाला विचारून कैरोची एक तज्ज्ञ शोधली, डॉक्टर इन्जी. उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलतं करणं हेच तिचं काम. दर रविवारी आणि बुधवारी दुपारी ती लॅपटॉपवर अदहमला घेऊन बसायची. साबणाचे फुगे, लाकडी गाय, टोपीखाली लपवलेला चेंडू. पहिल्याच दिवशी तिने मला स्पष्ट सांगितलं होतं की उन्हाळ्यात शाळेच्या प्रवेशाची मुलाखत होईल, तोवर शब्द फुटायला हवेत. आणि ते हवे असतील तर बैठक मध्येच तुटता कामा नये. एकदा सूर लागला की मूल माझ्या तोंडाकडे बघतं, मादाम नशवा, ती म्हणाली होती. सूर मोडला की पुन्हा पहिल्यापासून.

आणि तो मोडतच होता. डॉक्टर गाल फुगवून "फू" करणार, अदहमचे ओठ गोल व्हायला लागणार, तेवढ्यात तिचा चेहरा गोठायचा. फुगलेले गाल, अर्धवट मिटलेले डोळे. मग पडदा काळा. राउटरवरचा हिरवा दिवा लाल. अदहम पडद्यावर दोनदा हात आपटायचा आणि खुर्चीवरून घसरून बाल्कनीच्या दाराशी जाऊन उभा राहायचा, माझ्याकडे पाठ करून, काचेला नाक लावून. मला वाटायचं रुसलाय.

मी जे जे करता येतं ते सगळं केलं. राउटर आधी काचेच्या मोठ्या कपाटामागे होता. ते कपाट लग्नात आईने दिलेलं, त्यातल्या कपबशांना अजून चहा माहीत नाही. तिथून राउटर काढून बाल्कनीजवळच्या मेजावर आणला. फोनची आणि इंटरनेटची लाइन वेगळी करणारी ती पांढरी डबी बदलली, तिच्यापासूनची छोटी तार बदलली. डोक्याच्या रुमालाची टाचणी काढून राउटरच्या पाठीमागच्या भोकात खुपसली आणि आतलं सगळं पुसून तो पुन्हा चालू केला. कंपनीला फोन करून करून त्यांच्या गाण्याची चाल मला पाठ झाली. तिकडचा मुलगा दरवेळी नवा आणि दरवेळी विचारणार, मादाम, बंद करून चालू केलंत का? शेवटी एकाने त्याच्याकडे काहीतरी बघून सांगितलं की लाइन एरवी व्यवस्थित असते, आठवड्यातून दोनदा दुपारीच पडते. खाली दाराशी सगळ्या घरांच्या तारांची जी पेटी आहे तिथे कुणी हात लावत असेल, मादाम. तुमच्या तारेला आपली तार जोडून घेतात लोक. बघा जरा, शेजारीपाजारी कोण आहे.

एवढं पुरे होतं मला. दुपारीच पडते, म्हणजे रविवारी आणि बुधवारी, नेमकी आमच्या वेळेला. म्हणजे कुणाला तरी आमची वेळ ठाऊक आहे.

आमच्या खालच्या घरात उम्म रिफअत, म्हणजे रिफअतची आई, एकटी राहते. थोरला मुलगा रिफअत इटलीत मिलानला, मुलगी दमनहूरला सासरी. कानांनी जरा कमीच ऐकते. रिफअतने तिच्यासाठी मोठ्या आकड्यांचा, घंटेचा आवाज चढवता येणारा फोन पाठवला होता, आणि शुक्रवारच्या नमाजानंतर तो वाजला की आमच्या फरशीला कंप सुटायचा. ती सबंध दिवस बाल्कनीत. आणि आमच्या बैठकीच्या वेळी तर हटकून बाल्कनीत, मान वर करून.

ती का उभी असायची ते मला चांगलं ठाऊक होतं, हेच तर वाईट. बैठकीच्या आधी मी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायचे. खालून गाबर भाजीवाला तिच्यात कांदे, बटाटे, गरम भाकऱ्या आणि अदहमला खुर्चीवर बसवून ठेवण्यासाठी खजूर भरायचा. टोपली वर येताना दुसऱ्या मजल्यापाशी आली की उम्म रिफअत हात लांबवून दोरी थांबवायची आणि तिच्यात काहीतरी टाकायची. तिळाची वडी, सोललेलं संत्रं, रताळ्याचा तुकडा. "अदहम पाशांसाठी," असं म्हणायची आणि दोरीला हलका झटका द्यायची, म्हणजे ओढ आता. मग माझी घाई. लॅपटॉप लावायचा, अदहमचं तोंड पुसायचं. भरलेली टोपली तशीच कठड्यावरच्या आकड्याला लटकवून मी आत पळायचे, आणि बैठक संपल्यावर रिकामी करायचे.

संशय आल्यापासून मी तिच्याकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. एवढी कशाला नजर लावून बसते? एकटी बाई, नातवंडं लांब, दुसऱ्याच्या पोरावर डोळा. माझ्या आईने फोनवर भर घातली, त्या बाईच्या हातचं लेकराला देऊ नकोस, नजर लागते. मी वड्या कचऱ्यात टाकायला लागले. अदहम बघत असायचा. डबा उघडून मी वडी आत टाकते, तो डबा बघतो, मला बघतो. बोलत नव्हता म्हणून त्याला कळत नाही असं मी धरून चालले होते की काय, कोण जाणे.

आणि आणखी एक गोष्ट, ती तर हातिमलाही सांगितली नव्हती. एका रविवारी डॉक्टरने विचारलं की अदहम दिवसातून किती वेळ फोनवर कार्टून बघतो, आणि खेळायला सोबत कोण असतं. मी घसा साफ केला, आणि लाइन गेली. तिचा चेहरा उत्तराची वाट बघत गोठला, आणि मला हायसं वाटलं. पुन्हा जोडली गेली तेव्हा तिने पुढचं काही विचारलं, मी मागचं काढलं नाही. लाइन तुटते म्हणून मी रडत होते आणि त्याच तुटण्याच्या आड लपतही होते.

तर तो शुक्रवार. आदल्या बुधवारी बैठक तीनदा तुटली होती आणि डॉक्टरने जरा थकलेल्या आवाजात म्हटलं होतं की असंच चालणार असेल तर ही जागा मी दुसऱ्या मुलाला देते, तुम्ही तिकडेच कुणी बघा. मी अदहमला कडेवर घेऊन जिना उतरत होते. उम्म रिफअत दारात उभी राहून गाबरशी पावट्याच्या भावावरून घासाघीस करत होती. चौथ्या मजल्यावरच्या दोघी बायका वर चढत होत्या. तिने हसून अदहमच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, काय पाशा, आज खाली?

मी तिचा हात झटकला. मग जे मनात साठलं होतं ते सगळं बोलले. आमच्या लाइनला तुम्ही तार जोडलीय, कंपनीवाल्यांनीच सांगितलं. माझ्या पोराचं नुकसान होतंय आणि तुम्ही वर बघत उभ्या असता. ती कानामागे हात नेऊन म्हणाली, काय गं पोरी? मला नीट कळलं नाही.

"चोर," मी ओरडले. "दुसऱ्याची लाइन घेणाऱ्याला चोर म्हणतात, उम्म रिफअत. चोर."

तिला कमी ऐकू येतं म्हणून ओरडावं लागलं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. मला ते जिनाभर ऐकू जायला हवं होतं.

गाबर पावट्यांकडे बघत राहिला. चौथ्या मजल्यावरच्या दोघींपैकी एक म्हणाली, अगं बाई, नशवा, काय बोलतेस हे, आणि दुसरीने तिला कोपराने ढोसलं. उम्म रिफअतने दार लावलं, आपटलं नाही.

संध्याकाळी कचरा बाहेर ठेवायला दार उघडलं तर पायपुसण्यावर तिचा फोन. मोठ्या आकड्यांचा, भिंतीतून उपसून आणलेला, तार नीट गुंडाळून पिशवीत घातलेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. अर्थ उघडच होता. माझी लाइन तुझ्याकडे ठेव आणि बघ तुझी तुटते का.

तो फोन मी काचेच्या कपाटावर ठेवला. रविवारी बैठक सुरू झाली आणि दहा मिनिटांत लाल दिवा लागला.

म्हणजे मला त्याच वेळी कळलं होतं. फोन उचलून खाली जायला एक जिना. मी गेले नाही. आधी खरं कारण सापडू दे, मग जाऊ, म्हणजे दोष कुणावर तरी टाकता येईल, असा माझा हिशोब. बुधवारी पुन्हा तेच. मग शुक्रवार आला. नमाज सुटला, गल्लीत चपलांचा आवाज झाला आणि ओसरला. आमच्या फरशीला कंप सुटला नाही. मिलानहून रिफअत फोन करत असेल आणि तो कुठेच वाजत नसेल. फोन माझ्या कपाटावर गप्प होता. मी त्या दुपारी भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली.

पुढच्या रविवारी समुद्रावरून वादळी वारा सुटला होता, काचा थडथडत होत्या. टोपली वर ओढून आकड्याला लटकवली आणि आत वळले तर मेजावरचा दिवा लाल. अजून लॅपटॉप उघडलाही नव्हता. अदहम नेहमीसारखा काचेला नाक लावून उभा. मी प्रथमच त्याच्या मागे उभी राहून तो काय बघतो ते बघितलं. तो टोपली बघत होता. टोपली वाऱ्याने झोके घेत होती, आणि तिची दोरी कठड्याच्या ज्या जागी घासत होती त्या जागेखालून आमची तार आत येत होती. कुणीतरी कधी काळी तिथे जोड देऊन वरून काळी पट्टी गुंडाळली होती. पट्टी झिजून सुटली होती. आतलं तांबं दिसत होतं.

मी बाहेर जाऊन टोपली हातावर उचलून धरली. दिवा लुकलुकला आणि थोड्या वेळाने हिरवा झाला. सोडली, लाल. पुन्हा उचलली. कांद्याबटाट्यांचं ओझं दोन्ही हातांवर पेलून मी त्या वाऱ्यात उभी होते आणि आत काचेपलीकडून अदहम माझ्याकडे बघत होता. दर बैठकीच्या वेळी मीच टांगत होते. मीच आत पळत होते. इतर वेळी टोपली रिकामी असायची, म्हणून लाइन शाबूत.

त्या दिवसापासून टोपली आत जमिनीवर. हातिमने फोनवरून सांगितलं तशी मी जोडाला नवी पट्टी गुंडाळली. त्याला कारण सांगितलं, उम्म रिफअतचं सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मी टोपली खाली सोडत होते. अदहम कठड्याच्या गजांमध्ये तोंड खुपसून बसला होता. खाली उम्म रिफअत धुणं वाळत घालत होती. टोपली तिच्यासमोरून जायला लागली तशी ती एक पाऊल मागे सरली, हात पाठीमागे घेऊन. लांब, म्हणजे कुणी म्हणायला नको की हात लावला.

"चोर," अदहम म्हणाला.

स्वच्छ. एकही अक्षर न खाता. माझ्या हातातून दोरी सुटली, टोपली खाली आपटली. तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, गजांतून बोट बाहेर काढून, माझ्याच सुरात. त्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द, ज्यासाठी मी दोन वर्षं नवस बोलत होते. मला त्याला उचलून नाचवावंसं वाटलं आणि त्याच क्षणी त्याच्या तोंडावर हात दाबावासा वाटला. मी हातच दाबला.

उम्म रिफअतने मान वर केली. तिचा चेहरा उजळला होता. "पाशा बोलला का गं? काय म्हणाला? मला ऐकू आलं नाही."

"टोपली," मी म्हणाले. "टोपली म्हणाला."

तिने दोन्ही हात आकाशाकडे केले. संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं की उम्म अदहमचा मुलगा बोलला, टोपली म्हणाला. म्हणजे तो बोलत नाही हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. चौथ्या मजल्यावरच्या बायकांनी अभिनंदन केलं. आणि खालून, मी चोर म्हटलेल्या बाईने, दारात ताट ठेवून दिलं. दूधभात, वर दालचिनी, आणि एका कोपऱ्यात तिळाची वडी. ती वडी अदहमने लगेच उचलली आणि माझ्याकडे पाठ करून खाल्ली, मी काढून घेईन म्हणून.

बुधवारी डॉक्टर इन्जीने टाळ्या वाजवल्या. मग ती पुढे वाकून विचारायला लागली. टोपली कशी म्हणाला, हात दाखवून की नुसतं? पुन्हा म्हणाला का? तिने टोपलीचं चित्र दाखवलं, अदहमने बघितलंही नाही. तिने खरीखुरी टोपली उचलून दाखवली. काही नाही.

"मादाम नशवा," ती म्हणाली, "शब्द हाच होता का? वाईटसाईट असला तरी चालेल, मुलं शिव्यांपासून सुरुवात करतात. पण मला खरा हवा. त्यावरच पुढचं उभं करायचंय."

मी राउटरकडे बघितलं. हिरवा. बाहेर वारा होता, काचा थडथडत होत्या, आणि दिवा हिरवाच. डॉक्टरचा चेहरा गोठत नव्हता. ती पापण्या मिटत होती, उघडत होती, वाट बघत होती. त्या क्षणी लाइन जावी म्हणून मी जे मागितलं ते तोंडाने म्हणवत नाही.

मी शब्द सांगितला. कुणाला म्हणाला, तिने विचारलं. खालच्या शेजारणीला. कुठे ऐकला असेल? माझ्याकडून, मी म्हणाले, तिलाच म्हणताना. आणि मग एकदा सुरू झाल्यावर फोनवरच्या कार्टूनचंही सांगितलं, दिवसभर म्हणून सांगितलं, कारण तसंच होतं.

डॉक्टरने मला काही सुनावलं नाही. एवढंच म्हणाली की त्याच्या डोक्यात त्या चेहऱ्याला तो शब्द चिकटलाय. जिथे चिकटला तिथेच नेऊन दुसरा द्यावा लागेल. तिचं नाव शिकवा त्याला. आजच न्या.

बैठक संपल्यावर मी कपाटावरून फोनची पिशवी काढली. दुसऱ्या हातात अदहमचं बोट. दार वाजवलं, दोनदा, तिला ऐकू येईपर्यंत. तिने दार उघडलं, पिशवी बघितली आणि हात पुढे केला नाही.

मी हळू आवाजात सुरुवात केली. तिने कानामागे हात नेला. "मोठ्याने बोल पोरी. तुला माहीत आहे."

मग मी मोठ्याने बोलले. लाइन माझ्याच टोपलीने तुटत होती, तुमचा काही संबंध नव्हता. तुम्ही फोन ठेवून गेलात, त्यानंतरच्या रविवारीच मला कळलं होतं, तरी मी तो ठेवून घेतला. वर एक दार उघडल्याचा आवाज आला, मग आणखी एक. खाली गाबरचं भाव पुकारणं थांबलं. आणि अदहम टोपली म्हणाला नव्हता, मी म्हणाले. तो चोर म्हणाला. तुम्हाला. मी शिकवलेलं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं, सगळं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. पहिल्यांदा तिला खरंच ऐकू आलं नव्हतं की काय, ते मला अजून माहीत नाही. विचारणारही नाही.

तिने पिशवी घेतली, तार बाहेर काढून चाचपली, बोटांनी सरळ केली. मागचा शुक्रवार रिकामा गेला, ती स्वतःशीच म्हणाली. रिफअतला वाटलं असेल मी मेले. मग ती गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, अदहमपुढे उकिडवी बसली.

"पाशा," ती म्हणाली, "मी कोण?"

जिन्यात कुणी हलत नव्हतं. अदहमने तिच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि मग मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, पुढचा शब्द तिथूनच येणार हे ठाऊक असल्यासारखा.